जॅक्सन हाइट्समधलं नूतनीकरण केलेलं वन बेडरूम को-ऑप: हिवाळा-उन्हाळा काढल्यावर

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला, आम्ही को-ऑपमधलं, म्हणजे सहकारी मालकीच्या इमारतीतलं, वन बेडरूम घेतलं त्याला एक हिवाळा आणि एक उन्हाळा उलटला. लाल विटांची जुनी सहा मजली इमारत, लिफ्ट, मधोमध बाग. जाहिरातीत 'संपूर्ण नूतनीकरण' हे शब्द सगळ्यात ठळक होते, आणि स्वयंपाकघर, बाथरूम, लाकडी जमीन सगळं खरंच नवंकोरं होतं. घर चांगलं आहे, आम्ही खूश आहोत. पण त्या खुशीत नव्या कामाचा वाटा फार थोडा आहे, आणि डोकेदुखीत मात्र बराच.

आधी ओट्याचं बोलते. क्वार्ट्झचा पांढरा ओटा हळदीला घाबरतो हे ऐकलं होतं; लगेच पुसलं तर डाग राहत नाही. खरी अडचण शेगडीच्या वर आहे. मायक्रोवेव्हखाली बसवलेला पंखा धूर बाहेर टाकत नाही, कोळशाच्या फिल्टरमधून फिरवून परत आपल्याच तोंडावर सोडतो. घर बघताना तो चालू केला की छान घरघरतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. सुक्या मिरचीची पहिली फोडणी पडली आणि धुराचा अलार्म मजलाभर ऐकू गेला. जुन्या इमारतींचा मोठा गुण इथे कामी आला: स्वयंपाकघराला आणि बाथरूमलाही स्वतंत्र खिडकी आहे. खिडकीत बसणारा साधा पंखा आणला, मुख्य दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावली, आणि आता मासे तळले तरी कॉरिडॉरमध्ये वास जात नाही. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा ओटा कुठल्या दगडाचा आहे ते नंतर विचारा, आधी धूर कुठे जातो ते विचारा.

दुसरी गंमत रेडिएटरची. तळघरातल्या बॉयलरमधून वाफ पाइपांनी वर येते आणि प्रत्येक खोलीतला लोखंडी रेडिएटर तापतो. आमच्या बेडरूमचा रेडिएटर पहाटे हातोडा मारल्यासारखा ठणठणायचा. सुपर, म्हणजे इमारतीत राहून सगळी देखभाल बघणारा माणूस, आला, पट्टी ठेवून बघितलं आणि हसला. जिथे एकाच पाइपने वाफ येते आणि पाणी परत जातं, तिथे रेडिएटर पाइपच्या बाजूला किंचित उतरता असावा लागतो. आमच्याकडे नवी जमीन घालताना कुणीतरी तो अगदी समपातळीत बसवला होता. थंड झालेलं पाणी आत साठायचं आणि वाफेने ढकललं की आदळायचं. सुपरने टोकाच्या पायांखाली दोन लाकडी पाचर सरकवल्या, ठणठण बंद. हिस्स आवाज करणारा हवेचा व्हॉल्व्हही त्यानेच बदलून दिला.

थंडीची काळजी मात्र करू नका. शहराच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर ते 31 मे या काळात बाहेर 55 अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं तर दिवसा घरात किमान 68 अंश, म्हणजे 20 सेल्सिअस, राखावंच लागतं, आणि रात्री बाहेर कितीही असलं तरी 62. प्रत्यक्षात आमच्याकडे जानेवारीत खिडकी उघडून झोपावं लागलं, कारण तापमान घरागणिक ठरवता येत नाही. गरम पाणी आणि हीटिंग मेंटेनन्समध्येच येतं. उन्हाळ्यात उलटं: खिडकीचा एसी आपला, बिल आपलं. नव्या स्वयंपाकघरामागे वायरिंग जुनंच असल्यामुळे एसी, मायक्रोवेव्ह आणि मिक्सर एकदम चालवले की ब्रेकर पडतो. पाहणीच्या वेळी वीजपेटीचं झाकण उघडून दाखवायला सांगा. कुणी रागावत नाही.

आता पैशांचं, जे मुंबईहून आलेल्या माणसाला समजायला जरा वेळ लागतो. को-ऑपमध्ये आपण फ्लॅट विकत घेत नाही. इमारत एका कंपनीच्या मालकीची असते. आपण त्या कंपनीचे शेअर घेतो आणि त्यासोबत ठरावीक घरात राहायचा हक्क देणारं प्रोप्रायटरी लीज मिळतं. मुलुंडला बाबांच्या कपाटातही सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे, पण तिथे फ्लॅट आधी बिल्डरकडून घेतला, सोसायटी मागाहून झाली. इथली रचना जवळची आहे ती मुंबईतल्या जुन्या टेनंट को-पार्टनरशिप सोसायट्यांना (जिथे इमारत सोसायटीच्याच मालकीची असते), गावदेवीच्या 1915 सालच्या सारस्वत सोसायटीच्या पठडीतल्या. जॅक्सन हाइट्समध्ये क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने बागेभोवतीच्या इमारती को-ऑप म्हणून विकायला काढल्या त्याही 1919-20च्या सुमारास. (तेव्हा ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांना इथे घर देत नसत. आज त्याच बागांभोवती बंगाली, नेपाळी, कोलंबियन कुटुंबं आहेत आणि आम्ही आहोत.)

आपलं कर्ज जागेवर नसून शेअरवर असल्यामुळे शहरात गृहकर्जाच्या नोंदणीवर जो कर लागतो, पाच लाख डॉलरखालच्या कर्जाला खरेदीदारावर साधारण 1.8 टक्के, तो को-ऑपला लागत नाही. ही मोठी बचत आहे. पण कंपनीनेही इमारतीवर कर्ज काढलेलं असतं आणि त्याचा हप्ता आपल्याच मेंटेनन्समधून जातो. मालमत्ता कर, विमा, नोकरांचे पगार, बॉयलरचं इंधन, सगळं त्याच आकड्यात. त्यामुळे दोन घरांची किंमत सारखी आणि मेंटेनन्स वेगळा असेल तर स्वस्त कुठलं हे जाहिरातीवरून कळत नाही. इमारतीचं कर्ज कधी संपतंय आणि पुढे कुठल्या व्याजाने नवं काढावं लागेल, यावर ते ठरतं. आमच्या वकिलाने मॅनेजिंग एजंटच्या, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या, ऑफिसात बसून बोर्डाच्या (शेअरधारकांनी निवडलेल्या समितीच्या) सभांची इतिवृत्तं वाचली. लिफ्टचं काम टाळलं जातंय, छप्पर झालंय, एकावर एक असलेल्या घरांच्या कुठल्या रांगेत पाणी गळतं, हे सगळं तिथे होतं. नव्या टाइल्सपेक्षा त्या कागदांनी आम्हाला घराबद्दल जास्त सांगितलं.

मोठ्या इमारतींसाठी 2019चा लोकल लॉ 97 हाही विचारायचा प्रश्न आहे. 25,000 चौरस फुटांवरच्या इमारतींना 2024पासून कार्बन उत्सर्जनाची मर्यादा आहे, 2030मध्ये ती आणखी आवळली जाईल, आणि मर्यादेवरच्या प्रत्येक टनाला वर्षाला 268 डॉलर दंड. जुना बॉयलर असलेल्या इमारतीत हा खर्च शेवटी शेअरधारकांवरच येतो. प्राथमिक निवासस्थान असेल तर मालमत्ता करात 17.5 ते 28.1 टक्के सवलत मिळते खरी, पण अनेक बोर्डं तेवढ्याच रकमेची जादा आकारणी लावून ती इमारतीच्या फंडात वळवतात. आमच्याकडेही तसंच झालं. वाईट वाटलं, पण फंडात पैसे आहेत हेही बरंच.

बोर्डाची परवानगी हा वेगळाच प्रकार. दोन वर्षांची कर-विवरणपत्रं, बँकेची स्टेटमेंटं, ऑफिसातल्या आणि ओळखीच्या लोकांची शिफारसपत्रं, व्यवहारानंतर हातात किती पैसे उरतील याचा हिशेब, आणि मग मुलाखत. आपल्याकडे सहकार कायद्याच्या 22व्या कलमाप्रमाणे सोसायटीने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सभासदत्व मिळालं असं धरलं जातं. इथे नकाराचं कारण सांगायचीही पद्धत नाही. 1979मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सनना मॅनहॅटनच्या एका को-ऑपने नको म्हटलं होतं, तेव्हा आपण कोण! आमची मुलाखत सौम्य होती. पियानो आहे का, कुत्रा आहे का, आणि जमिनीवर गालिचे घालणार ना. (ऐंशी टक्के जमीन झाकायचा नियम आहे. ती सुंदर नवी ओकची जमीन आता गालिच्याखाली आहे.)

आई-बाबा सहा महिने येऊन राहणार असतील तर लीज नीट वाचा. प्रचलित मसुद्यांत शेअरधारक, त्याचा जोडीदार, मुलं, आई-वडील, भावंडं राहू शकतात; इतर पाहुण्यांना सहसा महिन्याची मर्यादा. सासू-सासऱ्यांचा उल्लेख सापडेलच असं नाही. आम्ही शेअर दोघांच्या नावावर घेतले, त्यामुळे दोन्हीकडचे आई-वडील कुणा ना कुणा शेअरधारकाचे आई-वडीलच ठरतात. वकिलाने हे सांगितलं तेव्हा सासूबाई फोनवर होत्या, त्यांना फार आवडलं. भाड्याने देऊन भारतात जायचा बेत असेल तर मात्र को-ऑप घेऊ नका. आमच्याकडे दोन वर्षं स्वतः राहिल्याशिवाय भाड्याने देता येत नाही, आणि नंतरही मुदत मोजकीच.

वस्तीबद्दल थोडक्यात, कारण तक्रारच नाही. ई, एफ, एम, आर आणि 7 या सबवेच्या पाच गाड्या एका स्टेशनात. 74व्या रस्त्यावर कढीपत्ता, मेथी, कैऱ्या. शेजारच्या बांगलादेशी दुकानांत हिलसा, नशीब असेल तर गोठवलेला बांगडाही. 34व्या अव्हेन्यूचा मैलभराहून लांब पट्टा दिवसा गाड्यांना बंद असतो, तिथे मुलं सायकली शिकतात. ते बरं, कारण आमची बाग बघायची आहे, खेळायची नाही. रूझवेल्ट अव्हेन्यूवरून 7 नंबरची गाडी डोक्यावरून धडधडत जाते, त्यामुळे दोन-तीन गल्ल्या आत घ्या. लाग्वार्डिया विमानतळाची विमानं मात्र वाऱ्याच्या दिशेप्रमाणे कुठेही गाठतात.

सध्या आम्ही स्वयंपाकघरातला पंखा भिंतीतून बाहेर काढायची परवानगी मागितली आहे. बोर्डाने अर्ज आर्किटेक्टकडे पाठवला. हा भाग 1993पासून संरक्षित ऐतिहासिक परिसर असल्यामुळे बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं तर वारसा वास्तू जपणाऱ्या शहराच्या लँडमार्क्स आयोगाचीही मंजुरी लागेल. तोवर खिडकीतला पंखा चालू आहे, आणि ठेचा सकाळी शेजारचे कामावर गेल्यावर होतो.