मुंबईत ग्लुटेन-फ्री आणि दाण्याशिवाय जेवण: आचाऱ्याला दाखवायचं खिशातलं कार्ड नऊ महिने वापरल्यावर

आम्ही सोलापूरचे. लेक नऊ वर्षांची आहे, दीड वर्षापूर्वी तिला सिलिअ‍ॅक निघालं. म्हणजे गहू, जव, राय (हे परदेशी धान्य, मोहरी नव्हे) यातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की तिचं शरीरच स्वतःच्या लहान आतड्यावर हल्ला करतं, त्यावर औषध नाही, आयुष्यभर ते खायचं नाही एवढा एकच उपाय. त्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी तिला तीन वर्षांची असल्यापासून. सोलापुरात शेंगाचटणी नसलेलं घर सापडणार नाही आणि आमच्या घरात आता दाणा येतच नाही, सासूबाईंनी सुद्धा सोडला, मला त्याचं फार वाटतं.

तर घरचं सगळं बसवलं होतं, पण मागच्या जूनमध्ये ह्यांची बदली मुंबईला झाली आणि आम्ही मायलेकी दर महिन्याला सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरायला लागलो. तीन-चार दिवस राहायचं, ह्यांच्या खोलीवर धड किचन नाही, त्यामुळे बाहेर खाणं आलंच. सुरुवातीला ॲपवर शोधलं. डिलिव्हरी ॲपवर ग्लुटेन फ्री टाकलं की सॅलड, किटो आणि बदामाच्या पिठाचे केक येतात. एका ठिकाणी फोन करून विचारलं तर केकमध्ये मैदा नाही पण भाजतात त्याच ओव्हनमध्ये, त्याच टेबलावर मैदा मळतात. म्हणजे ते लेबल पदार्थात काय घातलं ते सांगतं, भटारखान्यात काय उडतंय ते नाही. आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन नको, एवढं बारीक मोजमाप आहे! म्हणजे चिमूटभर पीठ उडालं तरी खेळ संपला.

म्हणून मी कार्ड बनवलं. व्हिजिटिंग कार्डापेक्षा थोडं मोठं, लॅमिनेट केलेलं, वेटरच्या हातात द्यायचं आणि त्याने ते आत आचाऱ्याला दाखवायचं. परदेशात सिलिअ‍ॅकवाले लोक असं कार्ड वापरतात हे वाचलं होतं. नऊ महिन्यांत तीनदा बदललं, आज जे आहे ते चौथं.

पहिल्या कार्डावर लिहिलं होतं "हिला ग्लुटेनची अ‍ॅलर्जी आहे". शून्य उपयोग. वेटर बिचारा मान डोलवायचा, हो मॅडम, तेल कमी टाकायला सांगतो म्हणायचा. ग्लुटेन हा शब्द स्वयंपाकघरात कोणी वापरतच नाही हो, तिथे गहू आहे, मैदा आहे, रवा आहे, कणीक आहे. मग दुसऱ्या कार्डावर ग्लुटेन शब्दच काढून टाकला आणि हीच नावं लिहिली, तेव्हापासून लोक नीट ऐकायला लागले.

त्याच काळात हिंगाचं झालं. स्टेशनजवळ एका हॉटेलात इडली-सांबार घेतलं, इडली तांदूळ-उडदाची म्हणून मी निर्धास्त, आणि रात्री पोरीचं पोट जे दुखायला लागलं, उलट्या, दोन दिवस अंथरुणात. डबीतला बांधानी हिंग म्हणजे नुसता हिंग नसतो, त्यात डिंक आणि बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, कधी तांदळाचं पीठ, मागे घटक लिहिलेले असतात ते वाचा. आहारतज्ज्ञ बाईंनी घरचा हिंग बदलायला लावला होता, पण बाहेरच्या सांबारात, वरणाच्या फोडणीत, उसळीत, दहीभातावरच्या फोडणीत तोच हिंग असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते माझ्या मनात अजून टोचतं. हॉटेलवाल्याचा काही दोष नाही, मी हिंग विचारलाच नव्हता. ज्यांच्या घरी सिलिअ‍ॅक आहे त्यांनी बाकी काही विसरलं तरी चालेल पण हिंग विचारा.

दाण्याचं प्रकरण वेगळ्याच ठिकाणी घडलं, पांढरीशुभ्र खोबऱ्याची चटणी, त्यात दाणे वाटलेले. एक बोट चाटलं तिने. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध पर्समध्ये होतं ते लगेच दिलं आणि टॅक्सी करून हॉस्पिटल, तीन तास तिथे बसून होतो. तेव्हापासून बाहेरची चटणी बंद, विचारायची पण नाही, घ्यायचीच नाही. घरून जवसाची चटणी डब्यात नेते. जवस चालतो हां, जव चालत नाही, दोन्ही वेगळे, आमच्या नातेवाइकांचा कायम गोंधळ होतो. आणि मेतकूट पण नाही, त्यात गहू असतो.

आता जे खरं कामाला आलं ते सांगते. मुंबईतल्या वेटरला सिलिअ‍ॅक माहीत नाही पण दोन गोष्टी त्याला झोपेत उठवलं तरी माहीत आहेत, जैन आणि उपास. जैन म्हटलं की कांदा-लसणाच्या कढईतला चमचा सुद्धा लागू देत नाहीत, वेगळं भांडं घेतात, आतल्या माणसाला ओरडून सांगतात. मग मी कार्डावर लिहिलं "जैन ऑर्डरला जसं भांडं-चमचा वेगळा घेता तसंच करा, फक्त कांद्याच्या जागी गहू समजा". त्या एका ओळीने जो फरक पडला तो आधीच्या दोन कार्डांनी मिळून पडला नव्हता. लगेच चेहऱ्यावर दिसतं की समजलं, मग तेच उलट विचारतात, बाई तवा धुऊन देऊ का, त्यावर आत्ताच रवा डोसा टाकलाय. हे मला कधी सुचलं नसतं, साधा डोसा तांदळाचा पण तवा तोच, उलथनं तेच. काही ठिकाणी डोसा कुरकुरीत व्हावा म्हणून पिठातच थोडा रवा टाकतात हे पण एका तवेवाल्या अण्णांनीच सांगितलं.

उपासाचं तर अजून सोपं. उपासाला गहू नाही, हिंग नाही, आणि बऱ्याच मराठी आणि गुजराती हॉटेलांत उपासाची कढई नेमाने वेगळी ठेवतात कारण गिऱ्हाईक त्याबाबतीत कडक असतं. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, रताळं, सगळं बिनगव्हाचं. नुसतं सिलिअ‍ॅक असेल तर फराळी मेनू म्हणजे देवच पावला समजा, तरी कढई वेगळी आहे ना एवढं विचाराच, बाजूच्या कढईत समोसे असतात. आमची अडचण दाण्याची. साबुदाणा खिचडीत कूट, वड्यात कूट, वरीबरोबर दाण्याची आमटी, फराळी पॅटिसच्या सारणात पण दाणे. त्यामुळे आमच्या वाट्याला बिनकुटाची जिऱ्याची बटाटा भाजी, राजगिऱ्याची पुरी आणि दही एवढंच येतं, आणि ते सुद्धा तळण शेंगदाणा तेलात नाही ना हे विचारून. पण श्रावणात आणि नवरात्रात गेलो तेव्हा पोरगी पहिल्यांदा हॉटेलात बसून गरम पुरी खात होती, मला रडू आलं.

माटुंग्याला, किंग्ज सर्कलच्या बाजूला उडपी हॉटेलं भरपूर. तिथे कार्डाची कानडी बाजू चालली. सोलापूर सीमेवरचं, आमच्या शेजारच्या काकू कानडी, त्यांनी सुंदर अक्षरात लिहून दिलं, मागे हिंदी, कारण आत भांडी-तवा सांभाळणारी मुलं यूपी, बिहार, नेपाळकडची असतात, त्यांना मराठी वाचता येईल असं धरून चालायचं नाही. कानडी वाचून गल्ल्यावरचे काका स्वतः उठून आत गेले आणि सांगून आले, सांबार नको, वाफेची इडली आणि वर साजूक तूप घ्या, हिंग फोडणीत आहे. तेव्हापासून आमची सकाळ ठरलेली, ताजी इडली, तूप, आपली जवसाची चटणी.

मालवणी, गोमंतकी खानावळीत मला वाटलं होतं भात-मासे म्हणजे काळजी नाही. पण तळलेला मासा रव्यात घोळवतात!! सांगितलं तर तांदळाच्या पिठात घोळवून देतात, मात्र पॅन आणि तेल वेगळं हवं, नाहीतर आधीच्या माशाचा रवा तेलात असतोच. कोंबडी-वड्याच्या पिठात बऱ्याचदा गहू असतो, तो प्रश्नच नाही. सोलकढी-भात आणि रश्शातला मासा हे आमचं ठरलं. बिर्याणी मात्र पूर्ण सोडली, हंडीला दम देताना झाकण कणकेने लिंपतात, तिचे तुकडे भातात पडतात. तंदुरीचं पण तसंच, त्याच भट्टीत रोट्या. चायनीजचं नाव काढू नका, साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते ज्वारीचं. सोलापूरची माणसं आम्ही, पहिल्या कार्डावर मी मोठ्या अभिमानाने "ज्वारीची, बाजरीची भाकरी चालते" लिहिलं होतं. चौथ्या कार्डावरून काढून टाकलं. ज्वारीत ग्लुटेन नाही हे खरं, पण पीठ ज्या गिरणीतून येतं तिथे आधी गव्हाचं दळण झालेलं असतं, आणि भाकरी थापणारी बाई त्याच परातीत चपातीची कणीक मळत असते. घरी आम्ही ज्वारी धुऊन वाळवून घरच्याच छोट्या चक्कीवर दळतो, ती भाकरी आता गाडीतून बांधून नेते, मुंबईत दोन दिवस टिकते.

मोठ्या साखळी रेस्टॉरंटमध्ये एक सोय आहे. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांनुसार दहा किंवा जास्त शाखा असलेल्यांनी अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यायची असते, गव्हासारखी धान्यं, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, सोया वगैरे त्यात येतं. तक्ता मागा, काउंटरवरच्या मुलाला माहीत नसेल तर मॅनेजरला विचारा. त्यातूनही तळण एकच असेल तर नको.

वेळेचं पण सांगते. दुपारी एक ते अडीच आणि रात्री नऊला कोणालाही कार्ड वाचायला फुरसत नसते, हो हो म्हणून जातात. आम्ही साडेअकराला किंवा संध्याकाळी सातच्या आत जातो, तेलही बऱ्याचदा ताजं असतं आणि कॅप्टन दोन मिनिटं उभा राहून ऐकतो. आणि ज्या ठिकाणी "नाही मॅडम, आमच्याकडे जमणार नाही" म्हणाले ना, ती मला जास्त भरवशाची वाटली. न विचारता हो म्हणणाऱ्यांकडेच दोनदा फसलो.

कार्डाला पाचपैकी चार देईन. एक कमी का, तर आत गेलेलं कार्ड वाचलं की नाही ते बाहेर कळत नाही, म्हणून मी आता शक्य तिथे आचाऱ्याशी स्वतः बोलते, आणि गर्दीच्या ठिकाणी ते शक्य नसतं. बाकी हिशोब असा की शेवटच्या पाच महिन्यांत मुंबईत एकदाही पोट बिघडलं नाही, आणि मागच्या रिपोर्टमध्ये टीटीजी (या आजारासाठी रक्तात मोजतात ती अँटीबॉडी) निम्म्याहून खाली आलाय. ज्यांना अजून नुसता संशय आहे त्यांनी हे वाचून गहू बंद करू नका, आधी तपासणी करा, गहू सोडल्यावर रक्ताची टेस्ट चुकीची निगेटिव्ह येऊ शकते.

खूप जणींनी मजकूर मागितला म्हणून चौथं कार्ड जसंच्या तसं देते, आपल्या मुलाप्रमाणे बदलून घ्या:

"नमस्कार. ही आवडनिवड नाही, माझ्या मुलीला आजार आहे. गहू, मैदा, रवा, कणीक, शेवया, ब्रेड, टोस्टचा चुरा, सोया सॉस आणि डबीतला हिंग यातलं थोडंसुद्धा चालत नाही. शेंगदाणे, कूट, शेंगदाणा तेल अजिबात नाही. तांदूळ, साबुदाणा, वरी, बटाटा, दूध, दही, तूप, अंडं, मासे चालतात. जैन ऑर्डरला जसं भांडं-चमचा वेगळा घेता तसंच करा, फक्त कांद्याच्या जागी गहू समजा. तवा धुऊन घ्या. समोसा, पुरी तळलेलं तेल नको. जमणार नसेल तर मोकळेपणाने नाही म्हणा, आम्हाला राग येणार नाही, आम्ही चहा घेऊन जाऊ."