रेशन दुकानाचा रिव्ह्यू, एका तोलणाराकडून

पुण्यातल्या मार्केट यार्डाच्या भुसार विभागात माझी उभी हयात तोलाईत गेली. हॉटेलांचे, मोबाइलचे रिव्ह्यू सगळेच लिहितात. रेशन दुकानाचं कुणी लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही, म्हणून आमच्या वस्तीतल्या दुकानाबद्दल लिहितो. दुकानाचं नाव देत नाही, वस्तीतल्यांना कळेलच.

आधी काटा, कारण तिथे मी कुणाला सोडत नाही. काटा इलेक्ट्रॉनिक आहे, वैधमापनचा शिक्का चालू वर्षाचा आहे, आणि मुख्य म्हणजे दुकानदार मापाचा डबा रिकामा ठेवून आधी शून्य करतो, मगच धान्य ओततो. याला आम्ही धडा करणं म्हणतो. धडा न करता पत्र्याचा डबा धान्याच्या भावात गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालणारे मी खूप पाहिलेत. माझ्या कार्डावर चार माणसं, माणशी ५ किलो, म्हणजे २० किलो. घरी ताणकाट्याला पिशव्या टांगल्या, माल चोख भरला. पैकीच्या पैकी मार्क.

गहू मध्यम. दाणा बारीक, थोडा पोचट, पण खडा नाही, कीड नाही. लोकवनची सर नाही, पोळी दुपारपर्यंत वातड होते. पूर्वी याच दुकानातला गहू आधी दोन दिवस उन्हात घालायचा आणि मग चाळायचा, तेव्हा कुठे गिरणीवाला हात लावायचा. ते दिवस गेले, हे मान्य केलं पाहिजे.

तांदळाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण वस्तीत त्यावरून रोज वाद होतात. मूठभर तांदूळ तळहातावर पसरा. मोठा, पांढरा दाणा आणि त्यात मधेच एखादा वेगळाच, जरा पिवळट, कडा गुळगुळीत, पाण्यात टाकला तर तरंगणारा. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून आमच्या हिने सुपात घेऊन ते दाणे एकेक वेचले आणि कोंबड्यांना टाकले. प्लास्टिक-बिस्टिक काही नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकाराचा माल काढतात आणि साधारण शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. २०२१च्या स्वातंत्र्यदिनी घोषणा झाली आणि मार्च २०२४पर्यंत रेशन, शाळेचा पोषण आहार, अंगणवाडी सगळीकडे हाच तांदूळ आला. २०१९-२१च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं, त्यावरचा हा उतारा. उतारा कितपत लागू पडतो ते डॉक्टरांनी सांगावं. पण ज्यांच्यासाठी तो आहे त्याच बायका तो वेचून फेकतात आणि दुकानात त्याबद्दल एक पाटी नाही. विचारलं तर दुकानदार म्हणाला, “काका, वरून येतं ते आम्ही देतो.” एक मार्क कापला.

फुकटच्या धान्याला काय नावं ठेवता, असं मला एका शिकलेल्या माणसाने सुनावलं. फुकट झालंय ते जानेवारी २०२३पासून. २०२४पासून आणखी पाच वर्षं तसंच राहणार. त्याआधी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये किलो होता. आणि दान म्हणाल तर ते मी खाल्लेलं आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी पोरगा, गाव आष्टी तालुक्यातलं. आई-वडील खडी फोडायला जायचे आणि रेशनला अमेरिकेची लाल मिलो यायची. विटकरी रंगाची भाकरी, थापतानाच कडेनं फाटायची. तेव्हा ‘ही कसली ज्वारी’ म्हणायची सोय नव्हती. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हक्काचं केलं, म्हणून आता म्हणतो.

आज आपण जगात सगळ्यात जास्त तांदूळ विकतो, जगाच्या व्यापारातला ४० टक्क्यांच्या आसपास. जुलै २०२३मध्ये सरकारने इथले भाव आवरायला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. जगात तांदळाचा भाव पंधरा वर्षांत नव्हता तेवढा चढला आणि बेनिन, सेनेगलसारखे विकतच्या तांदळावर जगणारे देश अडकले. बंदी उठली सप्टेंबर २०२४मध्ये. त्याच २०२४ साली जगात ६७ कोटींच्या वर माणसं उपाशी होती, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो, आणि आपली गोदामं भरून होती. माल आहे आणि तो पोचत नाही, हे यार्डात जन्म काढलेल्याला नवीन नाही. भाव बसल्याशिवाय गाडी हलत नाही.

पुतण्या कंपनीच्या कामाने इजिप्तमध्ये कैरोला असतो. तिकडे कार्डावर रोट्या मिळतात, माणशी रोज ५. १९७७ साली बाहेरच्या कर्ज देणाऱ्यांच्या सल्ल्याने सरकारने भाव वाढवले तर लोक रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत निर्णय फिरवावा लागला. त्यानंतर रोटीच्या भावाला हात लावायला सरकार इतकं बिचकलं, की ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून तीस-पस्तीस वर्षं तो तसाच होता. जून २०२४मध्ये ५ पियास्त्रचे (तिकडचे पैसे) २० झाले. आपल्याकडे भाव शून्य, पण माणसं कार्डाबाहेर.

ती कशी? शहरात प्राधान्य कुटुंबाच्या कार्डाला वर्षाच्या उत्पन्नाची अट ५९ हजार रुपये. महिन्याला पाच हजारही नाही! धुणीभांडी करणाऱ्या बाईने दोन घरं जास्त धरली की ती कागदोपत्री सुखवस्तू. शिवाय राज्याला ७ कोटी लोकांची मर्यादा आहे, तीही २०११च्या जनगणनेवरून. तेव्हापासून पुण्यात किती माणूस येऊन पडला ते हडपसर-मांजरीकडे एक चक्कर मारून बघा. देशभरात अशी १० कोटींहून जास्त माणसं कायद्याबाहेर राहिली, असा अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेज आणि रितिका खेरा यांचा २०२०चा हिशेब आहे. यात दुकानदाराचा काही दोष नाही. त्याला क्विंटलमागे कमिशन मिळतं, तेही वर्षानुवर्षं १५० रुपये होतं, २०२५मध्ये १७० झालं. तेवढ्यात भाडं, लाइट आणि पोऱ्याचा पगार बसवायचा. सेंट्रिंगचं काम करणारा एक बिहारी पोरगा त्याच्या गावाकडच्या कार्डावर इथे धान्य मागायला आला, तर ‘कोटा नाही’ न म्हणता त्याला दिलं, हेही मी पाहिलंय. दुसऱ्या दुकानाने त्याला हाकलला होता.

आता अंगठ्याचं मशीन. पन्नास वर्षं पोती उचललेल्या हमालाच्या अंगठ्यावर रेघ उरत नाही. माझ्या शेजाऱ्याचा अंगठा दर महिन्याला नाकारला जातो, मग डोळा, मग ओटीपी, मग ‘सर्व्हर डाऊन, उद्या या’. तो उद्या म्हणजे त्याचा एक रोज बुडाला. या एका कारणासाठी दुकानाला पाचपैकी साडेतीनच देतोय, नाहीतर चार नक्की होते.

जाणाऱ्यांसाठी: पिशव्या घरून न्या. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. महिन्याच्या सुरुवातीला गर्दी फार, दहा तारखेनंतर जा. ई-केवायसीसाठी अंगठा लागत नसेल तर मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, नातवाला बसवा. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. मागा, आणि किलो वाचून घ्या. तरीही गडबड वाटली तर १९६७ या नंबरला फोन लावा.