रातकिडे की डुबिया? घरच्या पैदाशीसाठी काय निवडाल

पाळलेल्या सरड्यांसाठी किडे घरीच वाढवायचे ठरवलं आणि जुन्याजाणत्यांना विचारलं, तर बहुतेक जण डोळे झाकून डुबिया झुरळं सुचवतील. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. डुबिया ओरडत नाहीत, त्यांना गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही, वास नावापुरताच येतो आणि मोठं झालेलं डुबिया वर्षभर तरी सहज जगतं. चार दिवस घर बंद ठेवलं तरी डबा जसाच्या तसा सापडतो. रातकिड्यांच्या बाबतीत असा निर्धास्तपणा नाही. मी दोन्ही बराच काळ शेजारी-शेजारी सांभाळले आणि शेवटी रातकिड्यांवर स्थिरावलो.

मुख्य कारण एकच. डुबिया ऐन जेवणाच्या वेळी थिजतात. लेपर्ड गेको या पाळीव सरड्याची नजर हालचालीवर असते. डुबियाचं पिल्लू टेरॅरियममध्ये, म्हणजे सरड्याच्या काचेच्या पेटीत, सोडलं की दोन पावलं पळतं आणि मग पाय पोटाशी ओढून निपचित पडतं. माती असेल तर सरळ मातीत शिरतं. माझी गेको मान खाली घालते, शेपटीचं टोक थरथरवत एकेक पाऊल पुढे सरकते आणि नेमकं तेव्हाच समोरचं सावज ढिम्म! ती थोडा वेळ टक लावून बघते आणि निघून जाते. उंच कडांच्या वाडग्यात दिलं तर मातीत शिरणं थांबतं, थिजणं थांबत नाही. चिमट्याने हलवून भरवता येतं, पण रोज रात्री एकेक किडा असा नाचवत बसणं मला तरी जमलं नाही.

यात खरा तोटा कॅल्शियमचा होतो. दोन्ही किड्यांच्या अंगात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस बराच जास्त, म्हणून वरून पावडर लावावीच लागते. पावडर लावलेलं डुबिया मातीत गडप झालं की पावडर मातीत जाते, आणि गेकोने नक्की किती खाल्लं याचा पत्ता लागत नाही. रातकिडेही अंगावरची पावडर साफ करून टाकतात, पण त्याआधीच ते फस्त झालेले असतात.

दुसरा फरक वेगाचा. तीस अंशांच्या आसपास ऊब दिली तर रातकिड्यांची अंडी साधारण दहा-बारा दिवसांत फुटतात आणि सहा ते आठ आठवड्यांत पिल्लं मोठी होतात. डुबियाची मादी पिल्लं देते ती साधारण दोन महिन्यांनी, एका वेळी वीस-तीस, आणि ती वयात यायला चार ते सहा महिने घेतात. तोवर वसाहतीला हात लावायचा नाही म्हणजे खाद्य विकत आणणं सुरूच.

रातकिड्यांच्या तक्रारीही खऱ्या आहेत. वास येतो तो मुख्यतः ओल आणि मेलेल्या किड्यांमुळे. झाकणाला भरपूर जाळी, पाण्याच्या वाटीऐवजी गाजराचे काप, आणि मेलेले किडे रोजच्या रोज काढणं, एवढ्यावर माझ्याकडे तो आटोक्यात राहिला. जाळी मात्र धातूचीच हवी, प्लास्टिकची ते कुरतडतात. ओल्या कोकोपीटचा (नारळाच्या भुशाचा) डबा दिला की माद्या सुईसारखी नळी खुपसून त्यात अंडी घालतात. काही दिवसांनी तो डबा वेगळ्या टबात हलवायचा, नाहीतर मोठे किडेच अंडी उकरून खातात. आणि गेकोने न खाल्लेले किडे टेरॅरियममध्ये राहू देऊ नयेत, झोपलेल्या प्राण्याला ते चावतात. या बाबतीत डुबिया नक्कीच बिनघोर.

रातकिडेच घेणार असाल तर नेहमीच्या घरगुती जातीऐवजी पट्टेवाली जात, म्हणजे ग्रिलोडेस सिजिलाटस, बघा. किरकिर बरीच सौम्य असते, खोलीत झोपता येतं. शिवाय घरगुती जातीला डेन्सोव्हायरस या किड्यांच्या एका विषाणूने ग्रासलं आहे. २००९-१० च्या सुमारास उत्तर अमेरिकेतली रातकिड्यांच्या पैदाशीची मोठमोठी केंद्रं त्याने रिकामी केली. सरड्यांना तो बाधत नाही, पण टब बघता बघता ओस पडतो. पट्टेवाली जात त्याला बऱ्यापैकी तोंड देते. ती उड्या जास्त मारते, त्यामुळे टब उंच घ्या.

मोठा बिअर्डेड ड्रॅगन (दाढीवाला सरडा) असेल, तो समोर येईल ते गिळत असेल आणि तुमचं घराबाहेर जाणं वरचेवर होत असेल, तर डुबिया तुम्हाला जास्त सोयीचे पडतील. चोखंदळ गेको किंवा वाढत्या वयाचं पिल्लू असेल तर मी रातकिडेच म्हणेन. अंड्यांचे दोन डबे दहा-बारा दिवसांच्या अंतराने लावा, म्हणजे एका आकाराचे किडे संपेपर्यंत त्याच आकाराची पुढची तुकडी तयार होते.