उणे वीस अंशांची चिठ्ठी आणि तीन जोड हातमोजे

आमच्या सोलापुरात हातमोजे विकले जातात ते उन्हासाठी. मार्च उजाडला की दुचाकीवरून जाणाऱ्या मुली आणि बायका कोपरापर्यंतचे सुती हातमोजे चढवतात, आणि नवी पेठेतल्या दुकानदाराला ‘जाड हातमोजे दाखवा’ म्हटले की तो बोटांच्या पेरांवर कडक प्लास्टिक बसवलेले, बुलेटवर घालायचे जोड पुढे करतो. अशा गावातून मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी गेल्या जानेवारीत दहा दिवसांसाठी गुलमर्गला गेलो. मी स्की शिकायला आणि ती स्नोबोर्ड शिकायला. गड्ड्याची यात्रा सोडून बर्फात लोळायला जाणाऱ्या या बाप-लेकीबद्दल माझ्या आईचे मत येथे नोंदवत नाही. त्या दहा दिवसांत आम्ही दोघांनी मिळून तीन जोड हातमोजे वापरले, आणि हे परीक्षण त्या तिन्हींचे आहे. माझा व्यवसाय टेरी टॉवेलचा असल्यामुळे कापड, शिवण आणि जीएसएम (कापडाच्या वजनाचे माप) यांकडे माझी नजर आधी जाते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

पहिला जोड मी नवी पेठेतच साडेसहाशे रुपयांना घेतला. वरून काळे चकचकीत नायलॉन, तळव्याला रेक्झिनसारखे कृत्रिम कातडे, मनगटाला इलॅस्टिक, आणि आत ‘उणे २० अंशांपर्यंत’ असे छापलेली चिठ्ठी. बाहेर एकतीस अंश तापमान असताना असा हातमोजा दुकानात घालून पाहिला तर फक्त हाताला घाम येतो. म्हणून ओळखीच्या एका आईस्क्रीम वितरकाला विनंती करून मी त्याच्या शीतखोलीत, जिथे तापमान उणे १८ च्या आसपास ठेवलेले असते, वीस मिनिटे उभा राहिलो. गोदामातली मुले हसत होती. बोटे मात्र ठणठणीत राहिली, आणि चिठ्ठी खरे बोलते आहे असे मी धरून चाललो.

त्या खोलीत वारा नव्हता, ओल नव्हती, आणि मी हातात काही धरलेलेही नव्हते. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबलकारचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या अंगाला सुमारे ३,९०० मीटरपर्यंत नेतो, पण नवशिक्यांचे तिकडे काम नसते. आम्ही खालच्या उतारांवरच होतो, आणि तिथे ऊन पडले की थंडी सहज सोसवते. वारा सुटला की मात्र सगळा हिशेब बदलतो. हवा उणे १० अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २० अंशांसारखी लागते. शिवाय उतारावरून घसरत येणारा माणूस स्वतःचा वारा स्वतःच निर्माण करत असतो. पहिल्या दिवशी दीड तास पडण्या-उठण्यातच तळव्याच्या शिवणी भिजल्या, तिथून पाणी आत झिरपले, आणि अस्तर सुती मिश्रणाचे निघाले. टॉवेलवाल्याने अस्तर न तपासता हातमोजा घ्यावा, ही नामुष्की मी मान्य करतो. सूत पाणी पिते म्हणून तर आमचा धंदा चालतो. बर्फात तोच गुण हातावर उलटतो, कारण धाग्यांमधल्या हवेची जागा पाण्याने घेतली की ऊब धरून ठेवणारे काही उरत नाही. माझी पांढरी पडलेली बोटे पाहून शिक्षकांनी मला चहाच्या टपरीत पाठवले आणि हात चोळू नका, शेगडीवरही धरू नका, काखेत घालून बसा, असे बजावले. पुढचे नऊ दिवस तो जोड मी फक्त हॉटेलपासून उतारापर्यंत चालत जाताना घातला.

चिठ्ठीवरच्या आकड्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक खरेदी त्या आकड्याकडे पाहूनच होते. युरोपात कामगारांच्या थंडीरोधक हातमोज्यांसाठी ईएन ५११ नावाचे मानक आहे, आणि त्यात हवेतून लागणारी थंडी, थंड वस्तू धरल्याने लागणारी थंडी आणि पाण्याचा शिरकाव या तीन गोष्टी तीन वेगळ्या अंकांनी दाखवतात. स्कीच्या हातमोज्यांवर बहुधा एकच तापमान छापलेले असते आणि ते उत्पादकाने आपल्यापुरते ठरवलेले असते. माझ्या शीतखोलीतल्या परीक्षेने या तिन्हींपैकी फक्त पहिली गोष्ट तपासली होती, तीही वाऱ्याशिवाय.

टॉवेलच्या धंद्यात जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. गिऱ्हाईक हात लावण्याआधी तेच विचारतो. हातमोज्याच्या आतल्या भरणालाही हेच माप लावतात. परंतु एका हातमोज्यात सगळीकडे सारखे भरण नसते: हाताच्या पाठीकडे ते जास्त आणि तळव्याकडे कमी घालतात, कारण तळवा फुगीर झाला तर स्कीची काठी, म्हणजे पोल, धरता येत नाही. शिवाय मूठ आवळली की तळव्याकडचे भरण दबते, जसा थप्पीच्या तळाशी ठेवलेल्या टॉवेलचा लूप बसतो, आणि त्यातली हवा निघून गेल्यावर जीएसएमचा आकडा कागदावरच राहतो. हातमोजा उष्णता तयार करत नाही; रक्ताने आणलेली उष्णता तो अडकलेल्या हवेच्या आधाराने राखतो, एवढेच. भरणाच्या प्रकारांत पिसे वजनाला सर्वांत हलकी आणि उबदार, पण भिजली की त्यांचे गोळे होतात. प्राइमालॉफ्ट हे कृत्रिम भरण १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी पिसांना पर्याय म्हणून तयार झाले, आणि ओलसर झाल्यावरही ते बरीच ऊब राखते. थ्रीएमचे थिन्सुलेट अतिशय बारीक तंतूंचे असल्यामुळे कमी जाडीत काम भागवते. आपल्यासारख्या, पडण्यातच निम्मा दिवस घालवणाऱ्या माणसाने पिसांच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा जोड मुलीसाठी, पुण्यातल्या क्रीडासाहित्याच्या एका मोठ्या दालनातून अठ्ठावीसशे रुपयांना घेतला. पाच बोटांचा, कृत्रिम भरणाचा, आत वॉटरप्रूफ मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ पडदा, असलेला. या प्रकारच्या मेम्ब्रेनमध्ये सर्वांत प्रसिद्ध गोर-टेक्स. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) हा पदार्थ झटक्याने ताणला की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण होतात हे शोधले, आणि त्यातून घामाची वाफ बाहेर जाते, पण पाण्याचा थेंब आत येत नाही. हातमोज्यात हे मेम्ब्रेन बहुतेक वेळा वरच्या कापडाच्या आणि भरणाच्या मध्ये, हाताच्या आकाराच्या वेगळ्या पिशवीसारखे बसवलेले असते. त्यामुळे ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द त्या पिशवीपुरताच खरा असतो. वरचे कापड भिजू शकते, जड होऊ शकते आणि हात कोरडा असतानाही गार पडू शकतो. मुलीच्या जोडात सहा दिवस पाणी आत गेले नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू.

त्याचा दोष तिसऱ्या दिवशी कळला. ओलसर हात बाहेर काढताना बोटांचे अस्तर उलटे होऊन हाताबरोबर बाहेर आले, आणि ते पुन्हा बोटाबोटांत बसवण्यासाठी आम्ही पेन्सिल घेऊन अर्धा तास खटपट केली. तोवर तिच्या तुकडीतली बाकीची मुले दोनदा वर जाऊन आली होती, आणि ‘बाबा, तुम्ही कापडातले ना?’ हा प्रश्न मला ऐकावा लागला. कारण सरळ आहे: अस्तराची टोके मेम्ब्रेनला आणि मेम्ब्रेन वरच्या कापडाला नीट चिकटवलेले किंवा टाचलेले नव्हते. दुकानात हे तपासायला दहा सेकंद लागतात. हातमोजा घालून बोटे आतून अस्तराला चिमटल्यासारखी दाबावीत आणि हात बाहेर ओढावा. अस्तर सरकताना जाणवले तर तो जोड तिथेच ठेवून द्यावा.

तिसरा जोड मिटन प्रकारचा, म्हणजे अंगठा स्वतंत्र आणि उरलेली चार बोटे एकाच पिशवीत. म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने तो दिवाळीला येताना आणला होता, आणि मी ‘एवढे महाग कशाला?’ म्हणून तो कपाटातच ठेवणार होतो. ‘मामा, बोटं एकदा गेली तर परत मिळत नाहीत,’ एवढेच तो म्हणाला. जोड हेस्ट्राचा आहे. स्वीडनमधली ही कंपनी १९३६ पासून हातमोजे बनवते आहे. तळव्याला शेळीचे कातडे, पाठीला दणकट कृत्रिम कापड, लांब आणि रुंद कफ, तो आवळायला दोरी, मनगटात अडकवायचा पट्टा, आणि आतले उबदार अस्तर संपूर्ण बाहेर काढता येण्याजोगे. किंमत पहिल्या दोन जोडांच्या बेरजेच्या साधारण चौपट.

शेळीचे कातडे पातळ असूनही चिवट असते आणि घडी पडते तिथे मऊ राहते, म्हणून स्कीचे पोल धरण्यासाठी ते गाईच्या जाड कातड्यापेक्षा सोयीचे वाटते. शिवण पाहूनच माझे समाधान झाले. जिथे पोल घासतो त्या अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात कातड्याचा दुसरा तुकडा वरून बसवला आहे आणि शिवण त्या घासणाऱ्या रेषेपासून दूर घेतली आहे. आमच्याकडे गणवेश शिवणारे जाणते कारागीर पॅन्टीच्या मांडीकडच्या शिवणीला जी काळजी घेतात, तीच येथे दिसते. मिटनची ऊब पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा जास्त असते, कारण चार बोटे एकमेकांना ऊब देतात आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग कमी होतो. उरलेल्या दिवसांत माझी बोटे एकदाही बधिर झाली नाहीत. त्याची किंमतही मोजावी लागते: बुटांचे बकल, जॅकेटची चेन, खिशातला मोबाईल यांपैकी काहीही मिटन घालून जमत नाही. त्यासाठी आत मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ पाच बोटांचा हातमोजा घालावा, म्हणजे मिटन काढून मनगटाच्या पट्ट्यावर लोंबकळत ठेवले तरी हात उघडा पडत नाही. आतला हातमोजा सुती नसावा, हे आता सांगायला नको.

स्की आणि स्नोबोर्ड यांच्या गरजा सारख्या नाहीत, हे दुकानात कोणी सांगितले नाही. स्की करणाऱ्याचा हातमोजा पोलमुळे झिजतो आणि खांद्यावर स्की वाहताना त्यांच्या धारदार लोखंडी कडांनी चिरतो. स्नोबोर्ड शिकणारा मात्र बर्फात बसून बाइंडिंग (बूट फळीला बांधणारे पट्टे) आवळतो, तळव्यांवर भार देऊन उठतो आणि पुन्हा बसतो. त्यामुळे त्याला कातड्याचा किंवा जाड मजबूत तळवा आणि पाण्यापासून पक्का बचाव आधी हवा. मुलीच्या जोडात अंगठ्याच्या मुळाशी आणि तळव्याच्या टाचेवर सहा दिवसांत कापड खरवडले गेले, तर माझ्या मिटनवर फक्त रंग उडाला. स्नोबोर्ड शिकताना मनगटाला इजा होणे नित्याचे असल्याने मनगटाचे गार्ड बांधावे लागतात, आणि त्यावर कफ बसतो की नाही हे घरीच घालून पाहावे. तिचा कफ बसत नव्हता. आम्ही तो जॅकेटच्या बाहीच्या आत ढकलून वेळ मारून नेली, त्यामुळे पडल्यावर बर्फ बाहीतून आत जात असे.

मापाबाबत आपल्याकडे ‘घट्ट म्हणजे गरम’ अशी समजूत आहे आणि ती येथे पूर्ण चुकीची आहे. घट्ट हातमोजा भरण दाबतो आणि बोटांकडे जाणाऱ्या रक्तालाही अडवतो. अंगठा सोडून तळव्याचा रुंद भागाचा घेर टेपने मोजावा. तो आठ इंच भरला तर बहुतेक कंपन्यांचे आठ नंबरचे माप लागते. मूठ आवळल्यावर बोटांची टोके अस्तराला टेकू नयेत, हात सरळ केल्यावर पुढे अर्धा सेंटिमीटर जागा राहावी. आत दुसरा हातमोजा घालणार असाल तर तो घालूनच माप घ्यावे.

वाळवण्याच्या बाबतीत तिसरा जोड निर्विवाद सरस ठरला. संध्याकाळी अस्तर बाहेर काढून दोरीवर टाकले की सकाळपर्यंत ते कोरडे होत असे, आणि कातड्याचे कवच नुसते पुसून खोलीच्या कोपऱ्यात ठेवले तरी चालत असे. मुलीचा जोड, मेम्ब्रेन आणि अस्तर एकातच शिवलेले असल्यामुळे, तिसऱ्या दिवसापासून सकाळी दमटच असायचा. मी पहिला जोड लाकडे जाळायच्या बुखारीजवळ ठेवण्याचा शहाणपणा केला आणि त्याच्या तळव्याचे कृत्रिम कातडे पापुद्रे धरून निघू लागले. खरे कातडेही अशा आचेने कडक होऊन तडकते, हे हॉटेलच्या माणसाने मिटन उचलून दूर नेत सांगितले. हवेशी संबंध येताच लोखंडाची भुकटी गंजून उष्णता देणाऱ्या पुड्या आम्ही दोनदा वापरल्या. मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवल्या तर उपयोग होतो, पण भिजलेल्या हातमोज्याला त्या वाचवू शकत नाहीत.

आठवडाभरासाठी एकदाच जाणाऱ्या सोलापूरकराने तिसऱ्या जोडाइतका खर्च करावा असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या जोडाच्या किमतीत, सुटे अस्तर असलेला मिटन मिळाला तर तो घ्यावा. न मिळाल्यास वर सांगितलेली ओढून पाहण्याची परीक्षा करून पाच बोटांचा घ्यावा आणि आत पातळ लोकरी हातमोजा घालावा. तिथे भाड्याने घेण्याच्या भरवशावर जाऊ नये. आम्हाला दाखवलेले भाड्याचे जोड आधीच्या माणसाच्या घामाने दमट होते. दरवर्षी जाणाऱ्यांनी कातड्याचा जोड बिनदिक्कत घ्यावा.

आता प्रश्न आमच्या हवेचा. कातड्याला मेणाचे बाम वर्षातून एक-दोनदा लावावे अशी रीत आहे, पण एप्रिल-मेच्या आमच्या बेचाळीस अंशांत माझ्या मिटनची बेचकी दोन महिन्यांत राठ होऊ लागली. मी ते तेव्हा एकदा आणि पावसाळ्याच्या तोंडावर दुसऱ्यांदा लावले, हाताने चोळून, उन्हात न ठेवता. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यास जुलैत बुरशी धरते, म्हणून अस्तर वेगळे करून दोन्ही भाग एका जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळले आहेत आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले आहेत. मुलीचा हात वर्षभरात साडेसहावरून सव्वासातवर गेला आहे. यंदा तिला माझ्या मिटनचे माप होत नाही आणि तिच्या जुन्या जोडाचेही नाही, त्यामुळे भाच्याला पुन्हा फोन करावा लागणार आहे.