फोंड्याजवळचा 'सरांचा वर्ग': एका व्हॉलीबॉल प्रशिक्षणवर्गाचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षी चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर मी माझ्या १४ वर्षांच्या मुलीचे नाव गोव्यातील फोंड्याजवळच्या एका सायंकाळच्या व्हॉलीबॉल वर्गात घातले. आता वर्ष पुरे झाले आहे आणि त्या वर्गाविषयी सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटते. या वर्गाला पाटी नाही आणि त्याची जाहिरातही कुठे होत नाही. एका महाविद्यालयातून शारीरिक शिक्षण संचालक म्हणून निवृत्त झालेले प्रशिक्षक तो चालवतात आणि परिसरात तो 'सरांचा वर्ग' म्हणूनच ओळखला जातो. स्वतःच्या नावाचा गवगवा त्यांना आवडत नाही, म्हणून ते मी येथे लिहीत नाही. माझे मत मात्र आरंभीच सांगतो. आपले मूल तीन महिन्यांत जाळ्यावरून स्मॅश मारताना दिसावे अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांनी येथे येऊ नये; मुलाला हा खेळ पायापासून शिकवायचा असेल, तर माझ्या पाहण्यात तरी याहून चांगला वर्ग नाही.

वाचकांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. १९९७ ते २००० या काळात मी स्वतः सरांच्या महाविद्यालयीन संघात होतो. त्यामुळे हे परीक्षण तटस्थ माणसाचे नाही, हे मान्य करतो. परंतु त्यामुळेच या वर्गात जे शिकवले जाते ते कोठून आले, हे मला सांगता येते, आणि ते समजल्याशिवाय वर्गाची किंमत कळत नाही.

आपल्याकडच्या महाविद्यालयीन प्रशिक्षकाचे काम कसे असते, याची कल्पना बाहेरच्यांना फारशी नसते. अमेरिकेतील विद्यापीठांचे प्रशिक्षक शाळाशाळांतून खेळाडू हेरतात आणि शिष्यवृत्ती देऊन आपल्या संघात आणतात. आपल्या शारीरिक शिक्षण संचालकाला मात्र जूनमध्ये प्रवेश घेऊन जे येतील, त्यांतूनच संघ उभा करावा लागतो. कोणी सत्तरीहून येतो, कोणी डिचोलीहून, कोणी सावर्ड्याहून, आणि बहुतेकांनी खेळ गावच्या मैदानावर मोठ्यांचे पाहून उचललेला असतो. हातात जोर भरपूर असतो, पण पायांना वळण नसते. जून ते सप्टेंबर पाऊस असतो, मैदानावर चिखल असतो आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आलेल्या असतात. त्याच माणसाला कबड्डी, ॲथलेटिक्स, वार्षिक क्रीडा महोत्सव, साहित्याची नोंदवही आणि प्रवासाचे अर्ज हेही पाहावे लागते. अशा परिस्थितीत ज्यांचे संघ वर्षानुवर्षे शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचत, त्यांना दरवर्षी नव्याने पहिला धडा शिकवावा लागलेला असतो. सरांनी तीन दशकांहून अधिक काळ हेच केले. पहिला धडा कसा द्यावा यावर इतका विचार केलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि आज मुलांना त्याचाच लाभ मिळतो आहे.

वर्ग आठवड्यातून पाच दिवस, सायंकाळी पावणेसहा ते साडेसात असतो. पहिली वीस मिनिटे बॉलला हात लावता येत नाही. त्या वेळात धावणे, गुडघे व घोटे मोकळे करणे, आणि त्यानंतर मैदानाच्या रेषांवर बाजूला सरकणे, मागे जाणे, थांबणे एवढेच चालते. थांबण्यावर सरांचा विशेष भर आहे. बॉल येण्याच्या क्षणी खेळाडू स्थिर असला पाहिजे, पळत-पळत घेतलेला बॉल कधीही सेटरच्या (हल्ल्यासाठी बॉल वर उचलून देणाऱ्या खेळाडूच्या) हाती नीट जात नाही, हे ते रोज दाखवून देतात. 'आधी पाय, मग हात' एवढेच त्यांचे सूत्र. मुलांना ते 'बाब' आणि मुलींना 'बाय' म्हणून हाक मारतात. वर्षभरात त्यांनी कोणावर ओरडल्याचे मी एकदाही ऐकले नाही. चूक झाली की ते बॉल हातात घेतात, शांतपणे चालत त्या मुलाजवळ जातात आणि त्याची पावले स्वतःच्या पावलांनी मोजून दाखवतात.

पहिले तीन महिने केवळ अंडरआर्म पास (दोन्ही हात जोडून खालून दिलेला पास) आणि सर्व्हिस यांवर जातात. अनेक पालक याच काळात मुलांना काढून घेतात, आणि त्यांची अस्वस्थता मी समजू शकतो. माझी मुलगी आधी दुसऱ्या एका वर्गात जात असे. तेथे दुसऱ्याच आठवड्यात तिला जाळ्याजवळ उभे करून स्मॅश मारायला लावले, आणि दोन महिन्यांत तिचा उजवा खांदा दुखू लागला. सरांनी पहिल्या दिवशी तिला फक्त भिंतीवर बॉल मारायला सांगितला, दहा मिनिटे पाहिले, आणि खांदा का दुखतो ते मला समजावले: तिच्या उडीची वेळ चुकत होती, त्यामुळे बॉल डोक्याच्या मागे राहत होता आणि सगळा भार खांद्यावर येत होता. त्यानंतर पाच महिने तिने स्मॅश मारला नाही. सहाव्या महिन्यात पावलांची लय बसली, तेव्हा सरांनीच तिला जाळ्याकडे बोलावले. आज तिचा खांदा दुखत नाही.

सर्व्ह घेण्याची मांडणी ते इंग्रजी 'डब्ल्यू' अक्षरासारखी पाच जणांची शिकवतात, म्हणजे तिघे पुढे, दोघे मागे, आणि सेटर जाळ्यापाशी. १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद मैदानाचा आपल्या वाट्याचा अर्धा भाग पाच जणांत वाटून घेतला की प्रत्येकाच्या वाट्याला फार जागा येत नाही. खरा प्रश्न असतो दोघांच्या मध्ये पडणाऱ्या बॉलचा. तो कोणाचा, हे सरांच्या वर्गात आधी ठरलेले असते, आणि तरीही हाक दिलीच पाहिजे. 'म्हजो!' (माझा!) ही हाक त्या मैदानावर दीड तास चालू असते. ज्याने हाक दिली नाही त्याने उत्तम पास दिला तरी सर तो मोजत नाहीत. हे 'मोजणे' म्हणजे त्यांची वही. प्रत्येक मुलाचे एक पान असते आणि त्यावर त्या दिवशी घेतलेल्या पंचवीस सर्व्हपैकी किती सेटरच्या हाती गेल्या, किती कशाबशा वर राहिल्या आणि किती वाया गेल्या याची नोंद होते. महिन्याच्या अखेरीस पालकांना ते पान पाहायला मिळते. एखाद्या वर्गाने पालकांना याहून प्रामाणिक प्रगतिपत्रक दिल्याचे मी पाहिलेले नाही.

वहीची सवय त्यांना कधी लागली, त्याचा मी साक्षीदार आहे. मी महाविद्यालयात गेलो तेव्हा जुनी गुणपद्धती होती: जो संघ सर्व्हिस करीत असेल त्यालाच गुण मिळत असे आणि सर्व्हिस चुकली तर केवळ सर्व्हिस दुसऱ्याकडे जात असे. शतकाच्या वळणावर रॅली पद्धत आली आणि प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून बॉल खेळाबाहेर जाईपर्यंतच्या प्रत्येक खेळीला, गुण मिळू लागला. म्हणजे चुकलेली प्रत्येक सर्व्हिस हा प्रतिस्पर्ध्याला फुकट दिलेला गुण ठरला. आमच्यापैकी बहुतेकांना जोरकस, धोका पत्करणाऱ्या सर्व्हिसची सवय होती. सरांनी त्याच आठवड्यात वही काढली, आमच्या चुकलेल्या सर्व्हिस लिहायला सुरुवात केली, आणि महिनाभराने ती पाने आमच्यासमोर ठेवली. कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

त्याच सुमारास, १९९८ मध्ये, लिबेरो या खेळाडूचा नियम आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये आला. वेगळ्या रंगाची जर्सी घालणारा, केवळ मागच्या रांगेत खेळणारा आणि हल्ला न करणारा हा खेळाडू अनेकांना तेव्हा उपरा वाटला. सरांना मात्र त्यात आपल्या मुलांची संधी दिसली. आपल्याकडे सहा फुटी मुले विरळाच; पण भातशेतीच्या बांधांवर वाढलेली, चपळ, खाली वाकून काम करण्याची सवय असलेली मुले गावोगाव आहेत. माझ्याबरोबरचा एक जेमतेम साडेपाच फूट उंचीचा मुलगा, जो दोन वर्षे राखीव बसला होता, लिबेरो म्हणून विद्यापीठाच्या संघात गेला. आजही वर्गातल्या बुटक्या मुलांशी सर जेवढा वेळ बोलतात, तेवढा उंच मुलांशी बोलत नाहीत.

शुक्रवारी शेवटची पंधरा मिनिटे मुलांना जांभ्या दगडाच्या कठड्यावर बसवून सर एखाद्या प्रशिक्षकाची किंवा खेळाडूची हकीकत सांगतात. मला हा भाग वर्गाचा सर्वांत मौल्यवान भाग वाटतो. अल स्केट्स यांच्याविषयी मी तेथेच पुन्हा ऐकले. १९६३ ते २०१२ या काळात त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील पुरुष संघाला प्रशिक्षण दिले आणि १९ राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपदे मिळवली. या माणसाने त्यातील कित्येक वर्षे दिवसा प्राथमिक शाळेत मुलांना शिकवले आणि दुपारनंतर विद्यापीठाचा संघ घडवला. सर हे सांगतात तेव्हा त्यांचा स्वर बदलतो. लहान मुलांना शिकवणारा माणूस मोठ्यांना चांगले शिकवतो, ही त्यांची स्वतःची श्रद्धा आहे.

स्केट्स यांचाच विद्यार्थी कार्च किराली. सगळ्या जगात तो अव्वल हल्लेखोर म्हणून ओळखला गेला, परंतु १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात सर्व्ह घेण्याचा मुख्य भार ज्या दोघांवर टाकला होता, त्यांतला एक किराली होता. विद्यापीठात असताना तो हल्ला तर करीतच असे, शिवाय आळीपाळीने सेटरचे कामही करीत असे. 'सेटर' या शब्दाऐवजी आमच्या पिढीत 'बूस्टर' किंवा 'लिफ्टर' म्हणत आणि ते काम उंची नसलेल्याच्या गळ्यात मारले जाई. सरांच्या वर्गात आठवड्यातून एक दिवस प्रत्येकाला सेटर व्हावे लागते, सर्वांत उंच मुलालाही, आणि ही पद्धत कोठून आली हे किरालीची गोष्ट ऐकल्यावर मुलांना आपोआप उमगते.

मुलींना त्यांनी रस रोज यांची गोष्ट सांगितली. पेन स्टेट विद्यापीठाच्या महिला संघाचे हे प्रशिक्षक १९७९ ते २०२१ एकाच जागी राहिले, ७ राष्ट्रीय विजेतेपदे जिंकले, आणि २००७ ते २०१० या काळात त्यांचा संघ सलग १०९ सामने हरला नाही. पण सर जेथे थांबले ते पुढचे होते. १९९९ मध्ये रोज यांच्या पहिल्या विजेत्या संघात खेळलेली केटी शूमाकर-कॉली त्यांच्यानंतर त्याच संघाची प्रशिक्षक झाली, आणि २०२४ मध्ये, कर्करोगावर उपचार चालू असताना, तिने संघाला विजेतेपद मिळवून दिले. अमेरिकेतील त्या सर्वोच्च महाविद्यालयीन गटात महिला संघाला विजेतेपदापर्यंत नेणारी ती पहिली महिला प्रशिक्षक. त्या संध्याकाळी घरी येताना माझी मुलगी स्कूटरवर मागे बसून एकही शब्द बोलली नाही. रात्री जेवताना तिने विचारले की व्हॉलीबॉलचा प्रशिक्षक होण्यासाठी काय शिकावे लागते.

त्रुटीही सांगितल्या पाहिजेत. मैदान तांबड्या मातीचे आणि कठीण आहे. डिसेंबरनंतर ते दगडासारखे होते आणि उड्यांचा मार नडग्यांना बसतो. सर उड्यांची संख्या मर्यादित ठेवतात आणि मऊ तळाच्या बुटांचा आग्रह धरतात, तरीही ज्याच्या गुडघ्याचे दुखणे जुने आहे त्याने आधी वैद्याचा सल्ला घ्यावा. मुलींसाठी कपडे बदलण्याची वेगळी खोली नाही, ही माझ्या मते सर्वांत गंभीर उणीव आहे आणि पालकांनी मिळून ती दूर केली पाहिजे. पावसाळ्याचे चार महिने वर्ग एका सभागृहात भरतो, तेथे छत कमी उंचीचे असल्यामुळे उंच पास आणि सर्व्हिस यांचा सराव होत नाही. बॉल मोजकेच आहेत. सामन्यांचा अनुभव पहिल्या वर्षी फारच थोडा मिळतो. सरांची त्यामागची भूमिका मला समजते, परंतु वर्षातून दोन-तीन मैत्रीपूर्ण सामने अधिक झाले तर मुलांची भीड चेपेल असे मी त्यांनाही सांगितले आहे. त्यांनी ऐकून घेतले, वहीत काहीतरी लिहिले.

शुल्क महिना ५०० रुपये आहे आणि घरातील दुसऱ्या मुलासाठी त्याच्या निम्मे. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्याकडून सर घेत नाहीत, आणि ती मुले कोणती हे वर्गात कोणालाही ठाऊक नसते. बूट आणि गुडघ्यांचे पॅड स्वतःचे आणावे लागतात. नवे प्रवेश चवथीनंतरच्या आठवड्यात आणि उन्हाळी सुट्टीत होतात, मुलाचे वय किमान ११ असावे लागते, आणि फोनवर नावनोंदणी होत नाही: पालकाने मुलासह पावणेसहाला मैदानावर यावे, तो दिवस मुलाने कठड्यावर बसून पाहावा, आणि घरी जाऊन त्यानेच ठरवावे, अशी पद्धत आहे. माझ्या मुलीने त्या दिवशी सहा पाने भरून नोंदी केल्या होत्या. यंदा चवथीनंतर आम्ही दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरले.