नेत्ररुग्णांच्या नोंदी संगणकावर: सामान्य सॉफ्टवेअर, खास नेत्रचिकित्सेचे सॉफ्टवेअर की ओपनआयज्?

एक-दोन नेत्रतज्ज्ञ, एखादा ऑप्टोमेट्रिस्ट (नजर व चष्म्याचा नंबर तपासणारा) आणि स्वतःचे छोटे शस्त्रक्रियागृह असलेल्या रुग्णालयाने केसपेपर बंद करून नोंदी संगणकावर नेण्याचे ठरवले, की त्यापुढे साधारणपणे तीन पर्याय येतात. पहिला, सर्व शाखांच्या डॉक्टरांसाठी बनवलेले, ठरावीक शुल्कावर वापरायला मिळणारे सामान्य सॉफ्टवेअर. दुसरा, त्याच पद्धतीने मिळणारे पण खास नेत्रचिकित्सेसाठी रचलेले सॉफ्टवेअर. आणि तिसरा, ओपनआयज् ही मुक्त स्रोत प्रणाली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने आयस्मार्ट ही स्वतःची प्रणाली उभारली आहे. परंतु तो मार्ग संगणक-तज्ज्ञांची पदरची तुकडी बाळगू शकणाऱ्या मोठ्या संस्थांचा असल्याने येथे बाजूला ठेवला आहे.

सामान्य सॉफ्टवेअर वेळ ठरवणे, औषधांची चिठ्ठी छापणे आणि पावती करणे ही कामे चोख करते. डोळ्याची तपासणी मात्र बहुधा शेऱ्याच्या मोकळ्या चौकटीत लिहावी लागते आणि तिथे लिहिलेला नजरेचा ६/१८ हा आकडा न राहता नुसता मजकूर होतो. पुढे त्याचा ना आलेख निघतो, ना मागील भेटीशी तुलना होते. केवळ सल्ला देणाऱ्या, शस्त्रक्रिया न करणाऱ्या दवाखान्याला एवढे पुरू शकते. इतरांनी त्यात पैसे घालू नयेत.

खास नेत्रचिकित्सेच्या सॉफ्टवेअरचा कस बारीकसारीक जागी लागतो. चष्म्याचा नंबर −१.०० / −०.५० × १८० असा भरला, तर तोच −१.५० / +०.५० × ९० असा आपोआप बदलून देता आला पाहिजे, कारण दोन व्यक्ती दोन पद्धतींनी लिहितात. डोळ्याचा दाब नोंदवताना वेळ आणि मोजण्याची पद्धत या दोन्ही गोष्टी सोबत गेल्या पाहिजेत. हवेच्या झोताने मोजलेले २२ आणि ॲप्लनेशनने (बुबुळाला उपकरण टेकवून) मोजलेले १६ एकाच रेषेत जोडणारा आलेख काचबिंदूच्या रुग्णाविषयी फसवे चित्र उभे करतो. शिवाय नेत्ररुग्ण एकाच भेटीत अनेक ठिकाणी फिरतो: आधी ऑप्टोमेट्रिस्ट, मग बाहुली मोठी करणारे थेंब, मग डॉक्टर. त्यामुळे एकच नोंद दोघांना भरता आली पाहिजे आणि थेंब घालून बसलेले रुग्ण कोणते, हे पडद्यावर वेगळे दिसले पाहिजे. उजव्या डोळ्याच्या नोंदी एका बटणावर डाव्यात उतरवण्याची सोय विक्रेते हौसेने दाखवतात. मला ती सोयीपेक्षा धोक्याची अधिक वाटते.

ओपनआयज्‌चा उगम लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयात झाला आणि तिचा डौल दिसतो तो आयड्रॉ या चित्रांकनाच्या भागात. डोळ्याच्या आतील पडद्याच्या (रेटिनाच्या) आकृतीवर घड्याळातल्या ११ वाजण्याच्या जागी छिद्राचे चिन्ह ओढून ठेवले, की त्याचे शब्दांतले वर्णनही तयार होते. कागदावर रंगीत पेन्सिलीने आकृत्या काढणाऱ्या रेटिनातज्ज्ञाला हे चटकन पटेल. परवान्याचे शुल्क नाही, पण सर्व्हर, बॅकअप, सुधारित आवृत्त्या आणि हे सारे सांभाळणारा माणूस यांचा खर्च आपलाच. त्यातच ही प्रणाली ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या रीतीवर बेतलेली आहे, जिथे रुग्णाच्या हाती बिल पडत नाही. म्हणून बिल, कॅशलेस विमा आणि चष्म्याच्या दुकानातला साठा यांची व्यवस्था वेगळी लावावी लागेल. अनेक केंद्रे चालवणाऱ्या किंवा प्रशिक्षण देणाऱ्या धर्मादाय संस्थेला हा खटाटोप परवडेल; एकट्या डॉक्टरला नाही.

यंत्रजोडणीबाबत कोणाच्याही तोंडी आश्वासनावर विसंबू नये. ओसीटीच्या (डोळ्याच्या पडद्याच्या थरांचे चित्र घेणाऱ्या यंत्राच्या) प्रतिमा डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाणित स्वरूपात घेता येतात का, आणि सिरियल पोर्टने (जुन्या पद्धतीच्या केबल-जोडणीने) आकडे बाहेर देणारा जुना ऑटोरिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे चष्म्याचा नंबर मोजणारे यंत्र, जोडला जाईल का, हे आपल्याच यंत्रावर करून दाखवायला सांगावे. १४ अंकी आभा (आयुष्मान भारत आरोग्य खाते) क्रमांकाशी नोंद जोडण्याची सोयही याच वेळी पाहून घ्यावी.

माझे झुकते माप लहान रुग्णालयापुरते दुसऱ्या पर्यायाला आहे, परंतु एका अटीवर: करार संपल्यावर सर्व नोंदी आकड्यांच्या तक्त्यांच्या रूपात परत मिळतील, हे लेखी असले पाहिजे. नुसत्या पीडीएफच्या गठ्ठ्यातून दाबाचा आलेख पुन्हा उभा राहत नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. ही जबाबदारी डॉक्टरची आहे, सॉफ्टवेअर कंपनीची नव्हे.

प्रात्यक्षिकाला बसताना विक्रेत्याचा तयार नमुना-रुग्ण बाजूला ठेवून काचबिंदूच्या एखाद्या जुन्या रुग्णाचा जाड केसपेपर नाव झाकून न्यावा, ऑप्टोमेट्रिस्टकडून व स्वतः त्याच्या तीन भेटी भरून पाहाव्यात आणि उठण्यापूर्वी तीच माहिती तक्त्याच्या रूपात बाहेर काढून मागावी.