इग्निशन लॉक फिरत नाही: जुनंच उघडून दुरुस्त करावं, की नवं बसवावं?

स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवून पाहिली असेल. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर पी वर आहे ना, तेही बघितलं असेल. कपाटातली दुसरी चावीही लावून झाली असेल. एवढं करूनही चावी आत जाते पण फिरत नाही, अशी अवस्था असेल तर पुढचं तुमच्या कामाचं. मी दोन गाड्यांवर दोन वेगळे मार्ग धरले. पहिल्या गाडीला नवं लॉक बसवलं, आताच्या गाडीचं जुनंच दुरुस्त करून घेतलं.

त्याआधी एक गोष्ट करा. रिमोट बाजूला ठेवा आणि त्याच चावीने ड्रायव्हरचं दार उघडून बघा. रिमोट आल्यापासून दाराचं लॉक फारसं कोणी वापरत नाही, त्यामुळे ते आतून बऱ्यापैकी नवं असतं. तिथे चावी सहज फिरली तर दोष बहुतेक इग्निशन लॉकच्या पोटात आहे. तिथेही मिनतवाऱ्या कराव्या लागल्या तर चावीच झिजलेली असण्याची शक्यता जास्त. मग गाडी घेताना चावीसोबत नंबराची छोटी पट्टी मिळाली होती ती शोधा आणि त्या नंबरावरून चावी कापून घ्या. झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट काढली की झीजसुद्धा तशीच्या तशी उतरते. चावीतली चिप ओळखणाऱ्या इमोबिलायझरला मात्र यात गोवू नका. तो इंजिन चालू होऊ देत नाही, चावी फिरायला त्याची हरकत नसते.

आता नवं लॉक. यातली सोय मान्य करायलाच हवी. गाडी गॅरेजला सोडायची, संध्याकाळी आणायची, हातात बिल आणि कोऱ्या चाव्या. माझं लॉक पूर्ण जाम झालं होतं, त्यामुळे मेकॅनिकला ड्रिल मारावं लागलं. पुष्कळ गाड्यांत लॉक स्टेअरिंग कॉलमला ज्या बोल्टांनी धरलेलं असतं, त्यांची डोकी बसवतानाच तोडून टाकतात, चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. ते काढण्यात त्याची दुपार गेली. एअरबॅग असलेल्या गाडीत हे काम घरी करायला जाऊ नका, एवढंच सांगतो. पण नवं लॉक बसलं आणि चावी अशी फिरली की गाडीच नवी वाटली.

त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला. मी फक्त इग्निशनचं लॉक घेतलं होतं. पूर्ण सेट घ्यायचा तर दारं आणि डिकी उघडा, आतली पॅडिंग काढा, शिवाय पैसे जवळपास तिप्पट. तेव्हा वाटलं, दाराची लॉकं ठणठणीत आहेत, उगाच कशाला? आणि माझ्या हाती दोन चाव्या आल्या. एक दाराची, एक गाडी चालू करायची. दिसायला सख्ख्या बहिणी. भर पावसात, एका हातात भाजीची पिशवी आणि मानेत अडकवलेली छत्री, अशा वेळी दहातली सहा वेळा नेमकी चुकीची चावी हाताला लागायची. बायकोने एकीला लाल नेलपॉलिश लावलं, ते महिन्यात उडालं. पेट्रोल पंपावर टाकीच्या झाकणासाठी गाडी बंद करायची, पुन्हा दुसरी चावी शोधायची. मागचे लोक हॉर्न वाजवणार. एकदा घाईत दाराची चावी इग्निशनमध्ये कोंबून जोराने फिरवली आणि वाकवून ठेवली.

हे सगळं सवयीने जमलं असतं कदाचित. पण गाडी विकायला काढली तेव्हा बघायला आलेल्या पहिल्याच माणसाने दोन चाव्या पाहिल्या आणि विचारलं, "चोरीला गेली होती का हो?" मी इग्निशन लॉकची सगळी कहाणी सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि भाव पाडला.

म्हणून आताच्या गाडीची चावी जेव्हा दहात एकदा अडकायला लागली, तेव्हा गॅरेजच्या आधी मी चावीवाल्याकडे गेलो. साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला एक काका बसायचे. त्यांनी चावी एक टप्पा फिरवली, बारीक पिन दाबली आणि लॉकचा आतला भाग अलगद बाहेर काढला. वास घेऊन म्हणाले, "साहेब, यात खोबरेल कुणी घातलं?"

वडिलांनी. शिलाई मशीनपासून दाराच्या कडीपर्यंत आमच्या घरी सगळ्यावर तोच इलाज. पण खोबरेल थंडीत गोठतं, आणि उरलेले महिने धूळ धरून ठेवतं. आतल्या पितळी पत्त्या त्या चिखलात रुतून बसल्या होत्या. चावी घातली की या पत्त्या सिलिंडरच्या, म्हणजे लॉकच्या आतल्या फिरत्या भागाच्या, काठाशी सपाट व्हायला हव्यात. एकही केसभर वर राहिली तर लॉक फिरत नाही. काकांनी सगळ्या धुऊन काढल्या. तीन झिजलेल्या निघाल्या, त्या बदलल्या आणि थोडी ग्रॅफाइटची पूड टाकली. दीड तास, सातशे रुपये. चावी तीच, दारालाही तीच.

या मार्गात खोट नाही असं नाही. बिल नाही, वॉरंटी नाही, सगळा भरवसा समोरच्याच्या हातावर. आणि एक लबाडी चालते, ती माहीत असलेली बरी: झिजलेली पत्ती बदलण्याऐवजी काही जण ती काढूनच टाकतात. चावी लोण्यासारखी फिरते, आपण खूश. पण जितक्या पत्त्या कमी तितकं कुठल्याही चावीने लॉक उघडणं सोपं. म्हणून समोर बसा आणि आधीच सांगा, "काढू नका, बदला." माझी चावी पहिला आठवडा जरा घट्ट फिरायची, नंतर बसली. तीन वर्षं झाली, तक्रार नाही. माझं नशीबही असेल.

चोरीचा प्रयत्न होऊन लॉकची बॉडीच तुटली असेल किंवा एखादी चावी हरवून कुणाच्या हाती गेली असेल, तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. मात्र तेव्हाही जमल्यास पूर्ण सेट घ्या, दारांसकट. चावीत चिप असेल तर ती नव्या चावीत घालून किंवा नवी चिप गाडीला ओळखायला लावूनच गाडी ताब्यात घ्या. जुन्या चाव्या फेकू नका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या चाव्या मागते.

बाकी झिजेचाच मामला असेल तर मी तरी आधी चावीवाल्याकडे जाईन, आणि चावी अधूनमधून का होईना फिरते आहे तोवर जाईन. पुष्कळ लॉकं चावी एक टप्पा फिरल्याशिवाय बाहेरच येत नाहीत. पूर्ण जाम झाल्यावर काकाही ड्रिलच काढतात.

निघताना त्यांनी माझा जुडगा हातात तोलून पाहिला. घराची, ऑफिसच्या कपाटाची, स्कूटरची, अशा सात चाव्या होत्या, शिवाय पितळेचा गणपती. सगळं वजन त्या लॉकला लटकत होतं. काकांनी न विचारता गाडीची चावी सोडवली, दोऱ्यात ओवली आणि गणपतीसकट बाकीचं माझ्या खिशात टाकलं.